'इफ'चा पूर्वपक्ष

"पूर्वपक्ष तू घे, हरिहरा," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि चिठ्ठ्यांची चवड माझ्या हातातच राहिली.

"'इफ'चा?"

"त्याचाच. सिद्धांत शिर्के मांडतील. शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी."

समोरच्या बैठकीवर जयवंत शिर्के पानाला चुना लावीत होता. त्याचे बोट थांबले. "अहो बुवा, 'इफ' घेऊन गेले चार महिने हे हरिहर टेंबे बसलेत. मी नुसता उच्चार सांगणारा. सिद्धांत मी कुठून आणू?"

"सिद्धांत सत्याच्या बाजूचा असतो, तो कोणालाही पेलतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "पूर्वपक्षाला बळ लागते. ते हरिहराजवळ आहे."

एवढ्या एका वाक्याने माझा खट्टूपणा पार धुऊन निघाला. त्यांच्या तोंडची स्तुती मला वर्षातून एखाद्या वेळी लाभत असे.

ही गोष्ट कऱ्हाडची, चौसष्ट सालची. जुन्या जकातघराच्या माडीवर आमच्या शब्दसेवा मंडळाचे कार्यालय होते आणि तेथे इंग्रजी-मराठी बृहत्कोशाचे काम चाले. नीळकंठशास्त्री उपासनी हे प्रमुख संपादक. वयाच्या नवव्या वर्षी, मी पोरका झालो तेव्हा, त्यांनी मला आपल्या घरी आणले. शब्दरूपे घोकण्यापासून भाष्य लावण्यापर्यंत जे काही माझ्याजवळ होते ते त्यांच्या ओसरीवर मिळालेले होते. त्यांच्यासमोर मी कधी मांडी घालून बसलो नाही आणि त्यांच्या शब्दावर कधी प्रतिप्रश्न केला नाही.

इंग्रजी मात्र मी शिकलो ते शिर्क्यांच्या जयवंताकडून. तो कोल्हापुरातून एम. ए. होऊन आला होता. रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर मी त्याला समास सोडवून द्यावेत आणि त्याने माझ्या इंग्रजीची काटेकुसळे काढावीत, असा आमचा दोन वर्षांचा परिपाठ होता. पहिल्याच आठवड्यात मी 'नाइफ'ला 'क्नाइफ' म्हटले. तेव्हापासून तो मला क्नाइफशास्त्री म्हणे.

आमच्या कोशाची एक रीत होती. तशी रीत दुसऱ्या कोणत्या कोशकार्यालयात असेल असे मला वाटत नाही. ज्या शब्दाच्या अर्थाबद्दल किंवा मुळाबद्दल मतभेद असत, तो शब्द शास्त्रीबुवा वादाला लावीत. जुन्या शास्त्रार्थाच्या पद्धतीने एकाने पूर्वपक्ष घ्यायचा, म्हणजे जे मत खोडायचे आहे ते मांडायचे. दुसऱ्याने सिद्धांत मांडून ते खोडायचे. पूर्वपक्षाचे मत स्वतःचे नसले तरी ते जीव ओतून, प्रामाणिक माणसाने आपले मत मांडावे तसे मांडायचे आणि आपल्या अक्षरात लिहून खाली सही करायची. दुबळा पूर्वपक्ष लिहिणे ही आमच्याकडे चोरी मानीत. दोन्ही कागद बुवांकडे गेले की ते प्रत्येकावर एक कोरे पान टाचीत, त्या पानावर तांबड्या पेन्सिलीने 'पूर्वपक्ष' अथवा 'सिद्धांत' असे लिहीत आणि कपाटात ठेवून कुलूप लावीत. किल्ली त्यांच्या जानव्याला असे.

गुरुवारी सायंकाळी शिर्के माझ्या खोलीवर आला तो थेट पाटावर येऊन बसला. "क्नाइफशास्त्री, वाचवा. उद्या माझी शोभा होणार."

"दोन भाग कर," मी म्हणालो. "आधी अर्थ आणि प्रयोग, मग व्युत्पत्ती. अर्थाबद्दल वाद नाही. हे उभयान्वयी अव्यय तीन कामे करते. अट घालते: तू आलास तर मी येईन. शंका घेते: तो आला की नाही ते बघ. आणि 'अ‍ॅज'च्या सोबतीने आले म्हणजे कल्पना करते: जणू काही."

"आणि मराठी प्रतिशब्द 'जर'. लिहिले."

"नुसते 'जर' लिहिलेस तर बुवा पान परत करतील. आपण बोलताना 'जर' गिळतो. तुझ्या आईसाहेब 'जर तू जेवणार असशील तर' असे म्हणतात का?"

"आई म्हणते, 'जेवायचं तर जेव, नाहीतर ऊठ पाटावरनं!'"

"तेच. मराठीत अटीचा भार 'तर' उचलतो. कधी क्रियापदच उचलते: आल्यास, गेल्यास. संस्कृतात 'यदि' वाक्याच्या तोंडाशी बसतो, पण 'चेत्' कधी पहिला बसायचा नाही. कोणी आधी बसले म्हणजे मग तो टेकतो. इंग्रजीचा 'इफ' वाक्याच्या आरंभीही चालतो, मध्येही चालतो. हे सगळे टिपून घे."

"आणि मूळ?"

"त्यांच्या जुन्या भाषेत हा शब्द ग घालून लिहीत, 'गिफ' असा, आणि वाचीत मात्र 'यिफ'. त्या लिहिण्यावरून दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पंडिताने ठरवले की हा 'गिव्ह'चा, म्हणजे 'दे'चा अवशेष. 'पाऊस पडेल एवढे दे, मग शेत पिकेल.' म्हणजे अट ही एक मागणी झाली. दिसायला फार देखणे आहे."

"उद्या तू हे मांडणार?"

"हेच. आणि तू उत्तर द्यायचे की भगिनीभाषांकडे पाहा. उत्तरेकडच्या बेटांवरच्या जुन्या भाषेत याच शब्दाच्या जोडीचे नाम आहे, त्याचा अर्थ शंका. जर्मनांच्या जुन्या भाषेत 'इबु' आणि त्याच्या शेजारी 'इबा'. अर्थ अट, संशय. तेथे 'दे'चे रूप अगदी निराळे. तेव्हा या शब्दाच्या मुळाशी देणे नाही, बहुधा संशय आहे. त्यापलीकडचे मूळ निश्चित कळत नाही, हेही स्पष्ट लिही."

शिर्क्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "म्हणजे मला हरवायचे कसे, ते तूच मला पढवतोस?"

"उद्या सिद्धांत लंगडा पडला तर कोश लंगडा पडेल."

"धन्य आहेस!" तो हसला आणि कागदाची घडी करून खिशात घातली. "अव्यय विभाग तुझाच रे बाबा. समिती यायचा तेवढा अवकाश."

अव्यय विभाग. चवथ्या खंडापासून कोशाचे विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र संपादक नेमायचे होते, आणि ते ठरवायला अनुदान देणाऱ्यांची समिती येणार होती. नामे, क्रियापदे यांसाठी पुष्कळ जण उत्सुक होते. मला हवे होते ते हे लहान लहान शब्द, ज्यांना लिंग नाही, वचन नाही, पण ज्यांच्यावाचून दोन वाक्ये एकमेकांना धरून राहात नाहीत. आदल्या वर्षी 'बट' या शब्दावरची माझी नोंद छापून आली तेव्हा प्राचार्या सुमतीबाई भागवतांनी पत्र पाठवून तिची वाखाणणी केली होती. मला पदवी नव्हती. ती उणीव त्या विभागाने भरून निघाली असती. बुवांनीही एकदा, हात धुताधुता, म्हटले होते, "अव्यये तुझी." त्या दोन शब्दांवर मी वर्षभर जगत होतो.

शुक्रवारचा वाद मोठा रंगला. मी 'दे'चा पक्ष असा लढवला की नकलनवीससुद्धा लेखण्या टाकून दाराशी आले. शिर्के प्रथम अडखळला, मग खिशातला कागद त्याच्या मदतीला आला आणि त्याने एकेक मुद्दा खोडून काढला. शेवटी बुवांनी माझ्याकडे पाहून "साधु!" म्हटले. सिद्धांत जिंकला होता आणि साधुवाद पूर्वपक्षाला मिळाला होता. दोन्ही कागद टाचून कपाटात गेले.

त्यानंतर पाचव्या आठवड्यात समिती आली. अध्यक्ष रेगे म्हणून मुंबईचे गृहस्थ होते, आणि दुसऱ्या सदस्य सुमतीबाई. मधल्या खोलीत जाजम अंथरले होते. मी धुतलेले उपरणे घेतले होते. शिर्क्याने कोट घातला होता. मला तो अवघडल्यासारखा दिसला.

"काय रे, प्रकृती बरी नाही का?" मी विचारले.

"कॉलर काचते," तो म्हणाला, आणि दुसरीकडे पाहू लागला.

आधी चहा झाला. मग रेग्यांनी पुढ्यातल्या फायलीतून काही पाने काढली. "अव्यय विभागाबद्दल बोलू. नियमाप्रमाणे इंग्रजीची पदवी हवी. बाईंचा आग्रह आहे की श्री. टेंबे यांच्यासाठी अपवाद करावा."

"आग्रह होता," सुमतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"टेंबे, हे अक्षर तुमचे?"

मी पुढे झालो. 'इफ'वरचा माझा कागद होता. "हो, माझेच."

रेगे वाचू लागले. "'विचारांती माझी निश्चिती झाली आहे की, इफ हा शब्द दानार्थक क्रियापदाचेच आज्ञार्थी रूप होय. याविषयी ज्यांना संशय आहे त्यांनी शब्दाच्या जुन्या लेखनाकडे डोळे उघडून पाहावे.'" त्यांनी चष्मा काढला. "अहो, हे मत मोडीत निघून शंभर वर्षे झाली! कॉलेजातल्या पोरालासुद्धा हे ठाऊक असते. डोळे कोणी उघडायचे?"

मला हसू आले. खरोखरच आले, कारण चूक इतकी सोपी होती. "साहेब, हा पूर्वपक्ष आहे. आमच्या रीतीप्रमाणे खोडण्यासाठी मांडलेला. वरच्या पानावर तसे लिहिले आहे."

"कुठल्या वरच्या पानावर?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. पहिलेच पान माझ्या अक्षराने सुरू होत होते. डाव्या कोपऱ्यात नव्या टाचणीच्या शेजारी जुन्या टाचणीची दोन बारीक भोके होती आणि त्यांच्याभोवती गंजाचे पिवळे डाग. तांबड्या पेन्सिलीचे पान नव्हते.

"ते पान पडले असेल," मी म्हणालो. "शास्त्रीबुवांना विचारा. त्यांनीच मला हा पक्ष दिला होता."

सर्वांची तोंडे त्यांच्याकडे वळली. शास्त्रीबुवा लोडाला टेकून ताठ बसले होते. पांढरी शाल, कपाळावर गंध, हात मांडीवर स्थिर.

"अक्षर हरिहराचे आहे," ते म्हणाले. "सहीही त्याचीच आहे."

"ते दिसतेच आहे," रेगे म्हणाले. "पण हे मत यांचे आहे, की ते म्हणतात तसे नुसते वादापुरते?"

"कागदावर जे आहे त्याबद्दल मी सांगू शकतो. कोणाच्या मनात काय होते, ते मी कसे सांगू?"

शिर्के उठला. त्याच्या पायाखाली जाजम गोळा झाले. "साहेब, त्या शुक्रवारी मी स्वतः—"

"शिर्के," बुवा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला कोणी विचारलेले नाही."

शिर्के उभाच राहिला. मी त्याच्याकडे पाहात होतो. मग तो खाली बसला.

सुमतीबाईंनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "टेंबे, तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे का?"

सांगायचे पुष्कळ होते. नकलनवीस होते, त्यांना बोलावता आले असते. कपाटातले दुसरे पूर्वपक्ष मागता आले असते, त्या प्रत्येकावर ते पान होते. परंतु त्यांतले एक वाक्य जरी मी उच्चारले असते, तरी त्याचा अर्थ परक्या माणसांदेखत एवढाच झाला असता की नीळकंठशास्त्री उपासनी खोटे बोलत आहेत. पंचवीस वर्षे ज्यांच्या पंक्तीला मी जेवलो, त्यांना हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

"नाही," मी म्हणालो.

"मला तुमच्याकडून फार अपेक्षा होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फाईल मिटली.

अर्ध्या तासात अव्यय विभाग शिर्क्याकडे गेला. त्याची योग्यता दाखवण्यासाठी रेग्यांनी 'इफ'वरचा त्याचा सिद्धांत वाचून दाखवला. यदि आणि चेत् यांच्या बैठकीचा भाग आला तेव्हा सुमतीबाई म्हणाल्या, "पाहा, इंग्रजीचे पदवीधर असून संस्कृतही कसे मुरलेले आहे!"

जिन्यात शिर्क्याने मला गाठले. तो धापा टाकीत होता.

"हरिहर, ऐक. मी उठलो होतो."

"हो," मी म्हणालो. "आणि बसलास."

"बुवांनी गप्प केले रे! तू पाहिलेस ना?"

"तुला आधी माहीत होते का?"

त्याने कठडा धरला. "सकाळी फाईल लावायला मला सांगितले. वरचे पान नाही, हे माझ्या ध्यानात आले होते. मला वाटले, बुवा सांगतील. ते समोर असताना... आणि घरी बहिणीचे लग्न ठरले आहे, मलाही ही जागा..." त्याने कठडा सोडला. "मी उद्याच सोडतो हा विभाग. शप्पथ."

"सोडू नकोस," मी म्हणालो. "तू सोडलास तर तो कोणाला तरी नुसत्या 'जर'वाल्याला देतील."

तो हसला नाही. मीही हसण्यासाठी म्हणालो नव्हतो. त्यानंतर आम्ही एका माडीवर सात वर्षे काम केले, पण घाटावर पुन्हा बरोबर गेलो नाही.

दिवेलागणीच्या आधी मी बुवांच्या घरी गेलो. ते ओसरीवर एकटेच होते, संध्या आटोपून बसले होते. मी नेहमीच्या जागी, खांबाजवळ, उभा राहिलो.

"बैस," ते म्हणाले.

"उभाच बरा आहे. एक विचारायचे आहे. पूर्वपक्ष मला दिलात, तेव्हाच हे ठरले होते का?"

"नाही. पदवीच्या नियमाबद्दल मुंबईचे पत्र नंतर आले."

"खरे?"

उभ्या आयुष्यात तो शब्द मी त्यांना विचारला नव्हता. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि मग ते अगदी सरळपणे म्हणाले, "खरे. पूर्वपक्ष तुला प्रामाणिकपणे दिला होता. फार उत्तम लिहिलास."

"वरचे पान?"

"मी काढले."

अंगणात गाय रवंथ करीत होती. तिच्या गळ्यातली घंटा मधूनमधून वाजे.

"अपवाद करायचा म्हणजे कागद मुंबईला जाणार," ते म्हणाले. "तेथे दोन वर्षे तरी फिरणार. तोवर चवथा खंड बंद, अनुदान बंद. मला चौऱ्याहत्तर झाली, हरिहरा. डावा डोळा गेला, उजव्याने अक्षर फुटते. शेवटचा खंड हातात घ्यायचा आहे मला. त्या बाई तुझ्यासाठी हटून बसल्या होत्या. त्यांचा हट्ट सुटायला काहीतरी कारण द्यावे लागले."

"मला सांगायचे होते."

"काय?"

"बाजूला हो, असे. दोन शब्द. मी त्याच क्षणी झालो असतो. बाईंना मी स्वतः पत्र लिहिले असते. कोणतेही कारण काढले असते. आपल्याला हे ठाऊक नव्हते का?"

"ठाऊक होते."

"मग?"

त्यांनी शाल खांद्यावर सारखी केली. त्यांचा आवाज त्या दिवसात प्रथमच कापला. "तू झालाच असतास. आणि मग उरलेला प्रत्येक दिवस तू माझ्यासमोर, असाच, त्या खांबाजवळ उभा राहिला असतास, आणि मला वाटत राहिले असते की माझा कोश या पोराच्या दानावर उभा आहे. मी तुला वाढवले. तुझ्यापुढे हात पसरायचे माझ्याने झाले नसते."

"म्हणून माझे नाव घालवलेत."

"हो," ते म्हणाले. "ते सोपे वाटले."

आत बुवांच्या पत्नीने, काकूंनी, दिवा लावला. उजेडाची एक पट्टी उंबऱ्यावरून ओसरीवर आली आणि बुवांच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचली. निघताना मी नेहमी त्यांच्या पायांवर डोके ठेवीत असे. नवव्या वर्षापासून एकही दिवस ते चुकले नव्हते. तापात असलो तर काकू मला धरून आणीत. बुवांनी मांडी मोडली आणि पाय पुढे घेतले. सवयीने घेतले, की बसून बसून आखडले म्हणून घेतले, की त्यांना काही मागायचेच होते, हे मला आजही, त्यांच्या त्या वयाला पोहोचल्यावरही, सांगता येत नाही.

मी वाकलो नाही.